ऑपरेशनच्या टेबलावर बीपी घसरणार, हे आधी कळते का?

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात माझ्या आईचे पोटाचे मोठे ऑपरेशन नाशिकला झाले. सगळे नीट पार पडले, पण बाहेर आल्यावर भूलतज्ज्ञ म्हणाले, ‘‘मध्येच बीपी बरेच खाली गेले होते, औषधे देऊन वर आणले.’’ तेव्हापासून डोक्यात प्रश्न घोळत आहेत. बीपी असे एकदम खाली का जाते? ते जाणार हे आधी ओळखता येते का? इंजिनीअरिंगला असलेला भाचा सांगतो की बीपी घसरायच्या आधीच इशारा देणारा कॉम्प्युटर आता निघाला आहे. हे खरे आहे का? खरे असेल तर आमच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून तसे यंत्र जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या सरकारी रुग्णालयाला भेट द्यावे का?
— एक वाचक, खोडाळा परिसर, ता. मोखाडा

उत्तर : हो, बऱ्याच वेळा आधी ओळखता येते. पण त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती कोणत्याही यंत्रात नसते, ती पेशंटकडे आणि त्याच्या घरच्यांकडे असते. भाचा म्हणतो ते यंत्रही खरेच आहे. ते काय करू शकते आणि काय नाही, हे समजले की वर्गणीच्या प्रश्नाचे उत्तरही आपोआप मिळेल. तेव्हा तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

बीपी एकदम खाली का जाते?

आपण बीपीचे दोन आकडे सांगतो, 120/80. भूलतज्ज्ञाची नजर तिसऱ्या आकड्यावर असते, तो म्हणजे सरासरी दाब. तो काढायची ढोबळ रीत सोपी आहे. खालचा आकडा दुप्पट करा, त्यात वरचा मिळवा आणि तिनाने भागा. 120/80 चा सरासरी दाब 93 येतो, 90/50 चा 63. मोठ्या ऑपरेशनमध्ये हा आकडा 65 च्या खाली जाऊ नये अशी साधारण धडपड असते, कारण त्याखाली मूत्रपिंड, हृदय आणि मेंदू यांना रक्त अपुरे पडू लागण्याची भीती असते. 2013 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 33,330 ऑपरेशनांच्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी दाब 55 च्या खाली जेमतेम पाच मिनिटांपर्यंत राहिला, तरी अशा पेशंटमध्ये नंतर मूत्रपिंडाला आणि हृदयाला इजा झाल्याचे प्रमाण जास्त दिसले. दाब पडल्यामुळेच इजा झाली, की जे पेशंट मुळातच नाजूक होते त्यांचाच दाब पडला, हे अशा नोंदींवरून ठामपणे सांगता येत नाही. तरीही त्यानंतर ऑपरेशनमधल्या पाच मिनिटांकडे भूलतज्ज्ञ पूर्वीपेक्षा जास्त गांभीर्याने पाहू लागले.

दाब पडायची कारणे अनेक आहेत. जागेपणी आपण आडवे असताना एकदम उठून उभे राहिलो, तर शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळते, नाडी वाढवते आणि दाब सांभाळते. भुलीची औषधे नेमकी ही राखण सैल करतात. संपूर्ण भूल देताना शिरेतून औषध गेले की रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयाचा जोरही थोडा कमी होतो. त्यामुळे दाब पडण्याच्या पुष्कळ घटना सर्जनने सुरी लावण्यापूर्वीच, भूल दिल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत घडतात. कमरेत इंजेक्शन देऊन अर्धे अंग बधिर करतात, तेव्हा पायांतल्या आणि ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ओहोळाचे पात्र एकाएकी रुंद झाले की तेवढेच पाणी घोट्याएवढे उरते, तसे होते. रक्त तेवढेच असते, पण जागा वाढते आणि हृदयाकडे परत येणारा ओघ कमी पडतो.

त्यापुढची कारणे ऑपरेशनमधली. रक्तस्राव, आतडे फुटल्याने पसरलेला जंतुसंसर्ग, एखाद्या औषधाची ॲलर्जी, पोटातील मोठ्या शिरेवर पडलेला दाब, हृदयाचा स्वतःचा थकवा. यांतली काही संकटे अवचित येतात. पण एखाद्या पेशंटला त्यांचा फटका किती बसेल, हे तो टेबलावर येतो तेव्हा त्याच्या अंगात किती शिल्लक आहे यावर ठरते. ही शिल्लक मात्र आधीच मोजता येते.

जाणार हे आधी ओळखता येते का?

ओळखण्याचे दोन टप्पे आहेत. पहिला ऑपरेशनच्या काही दिवस किंवा काही तास आधीचा, दुसरा टेबलावरच्या काही मिनिटांचा. यंत्राचा गाजावाजा दुसऱ्या टप्प्याबद्दल होतो. जव्हार-मोखाड्याच्या पेशंटसाठी पहिला टप्पा जास्त मोलाचा आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे.

पहिली गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या तालुक्यांत कुपोषणाचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चालत आला, जिथे 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता, तिथे हिमोग्लोबिनचा आकडा कोणत्याही ऑपरेशनआधी सगळ्यांत आधी पाहायचा असतो. कारण नुसते वजन घ्या. ढोबळ हिशेबाने मोठ्या माणसाच्या अंगात किलोमागे 70 मिलीलिटर रक्त असते. 70 किलोच्या माणसात ते जवळजवळ पाच लिटर भरते, 40 किलोच्या बाईत पावणेतीन लिटर. एक लिटर रक्त गेले तर पहिल्याचा पाचवा हिस्सा जातो, दुसरीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. त्यात तिचे रक्त आधीच पातळ असेल, तर जे उरले तेही कमी कामाचे. ऑपरेशन एकच, रक्तस्राव तेवढाच, पण दोघांचा धोका वेगवेगळा. हा हिशेब करायला वजनकाटा आणि हिमोग्लोबिनची तपासणी एवढेच लागते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. पालघरच्या आदिवासी समाजांत हा आजार आणि त्याचे वाहक आढळतात. सिकलसेल असलेल्या पेशंटच्या शरीरात पाणी कमी पडले, थंडी वाजली, ऑक्सिजन घसरला किंवा दाब पडून रक्ताचा ओघ मंदावला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबू शकतात. त्यामुळे अशा पेशंटचा दाब पडू न देणे दुप्पट महत्त्वाचे असते. तपासणी झाली असेल तर तिचे कार्ड सोबत न्या. झाली नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्या.

तिसरी गोष्ट पाण्याची. मोखाड्याहून किंवा खोडाळ्याहून पेशंट नाशिकला जातो तेव्हा काय होते ते आठवा. ‘‘उपाशी या’’ एवढेच सांगितलेले असते. माणूस आदल्या संध्याकाळी जेवतो, पहाटे काही न खाता-पिता निघतो, पहिल्या एसटीने त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठतो आणि ऑपरेशनला नंबर लागतो दुपारी दोनला. वैशाखातले ऊन असेल तर तोपर्यंत त्याचे अंग कोरडे पडलेले असते. अशा कोरड्या अंगाला भूल दिली की दाब घसरायची शक्यता वाढते. प्रौढ पेशंटसाठी आजचा सर्वमान्य नियम असा आहे : हलके अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, जड आणि तेलकट जेवण त्याहूनही आधी, पण नुसते पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. बिनदुधाचा चहाही चालतो. नाचणीची पेज किंवा आंबील मात्र पाण्यात मोजत नाहीत, ते अन्नच. आतडे अडकलेले असेल, उलट्या होत असतील, मधुमेह जुना असेल किंवा बाई गरोदर असेल तर वेगळा विचार करावा लागतो. म्हणून स्वतःच्या मनाने काही ठरवू नका. ‘‘माझा नंबर किती वाजता, आणि पाणी किती वाजेपर्यंत पिऊ?’’ हे आदल्या दिवशी स्पष्ट विचारून घ्या.

चौथी गोष्ट गोळ्यांची. बीपीच्या गोळ्या घेणारे लोक आता आपल्या पाड्यांवरही आहेत. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल अशा गोळ्यांनी भुलीत दाब जास्त पडतो. फ्रान्समध्ये 2,222 पेशंटवर झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत या गटातल्या गोळ्या चालू ठेवणाऱ्यांचा दाब ऑपरेशनमध्ये जास्त वेळा पडला, पण पुढची गुंतागुंत आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. उलट ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अचानक बंद केल्याने हृदयावर ताण येऊ शकतो. एक गोळी थांबवायची आणि दुसरी चालू ठेवायची, हे घरी बसून ठरवता येत नाही. तेव्हा गोळ्यांची पाकिटे, रिकामी का असेनात, पिशवीत टाकून न्या. ‘‘पांढरी छोटी गोळी’’ एवढ्या वर्णनावर भूलतज्ज्ञाला काहीच ठरवता येत नाही. दारू, ताडी, तंबाखू, भगताने दिलेली मुळी, काहीही घेतले असेल तर लाज न बाळगता सांगा. तिथे कोणी रागावणार नाही, आणि रागावले तरी सांगा.

पाचवी गोष्ट जुन्या अनुभवाची. तुमच्या आईचे बीपी यावेळी पडले, ते कशाने पडले आणि कोणत्या औषधाने वर आले, याची नोंद तिच्या कागदांत असेल. ते कागद जपा. पुढे कधी भूल द्यावी लागली तर त्या भूलतज्ज्ञासाठी ही सगळ्यांत उपयोगाची पूर्वसूचना ठरेल.

टेबलावर काय घडते?

आता एक प्रसंग जवळून पाहू, कारण दाब कसा पडतो आणि कसा सावरतो हे त्यात स्पष्ट दिसते. सिझरसाठी बाईला बसवून कमरेत इंजेक्शन दिले. तिला पाठीवर निजवले आणि उजव्या कुशीखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर सारून टेबल जरा डावीकडे कलते केले, कारण भरलेल्या पोटाचे ओझे थेट मोठ्या शिरेवर आले तर हृदयाकडे जाणारे रक्तच अडते. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, छातीला तीन तारा. पट्टा फुगला, आकडा आला 118/74. दोन मिनिटे गेली. बाईने जांभई दिली, चेहरा फिकट झाला आणि ती पुटपुटली, ‘‘मळमळतंय.’’

पट्टा पुन्हा फुगायला अजून मिनिट बाकी आहे. पण जाणता भूलतज्ज्ञ त्याची वाट पाहत नाही. त्याच क्षणी तो बटण दाबून बीपी घ्यायला लावतो आणि दुसऱ्या हाताने औषधाची सिरिंज उचलतो. कमरेतल्या भुलीनंतरची मळमळ पुष्कळदा दाब पडत असल्याचीच खूण असते, कारण मेंदूकडचा रक्ताचा ओघ कमी होत असतो. फिनाइलेफ्रिन किंवा मेफेंटरमाइनसारखे औषध शिरेतून गेले, सलाइन जोरात सोडले, की मिनिटा-दोन मिनिटांत आकडा वर येतो. बाई म्हणते, आता बरे वाटते.

इथे सर्वांत आधी इशारा दिला तो पेशंटने. आपल्याकडच्या अनेक बायका अनोळखी लोकांत, अंगावर हिरवे कापड आणि तोंडावर दिवे असताना, एक शब्द बोलत नाहीत. डॉक्टर प्रमाण मराठी बोलतात, ती वारली किंवा कोकणा बोलते, त्यामुळे संकोच आणखी वाढतो. म्हणून आशाताईंना आणि घरच्या बायकांना विनंती आहे. तिला आत पाठवण्यापूर्वी तिच्या बोलीत समजावून सांगा की मळमळले, घाबरे झाले, कानात गुणगुणले, दम लागला, तर लगेच सांगायचे. मोठ्याने सांगायचे. सहन करून गप्प राहणे इथे धोक्याचे आहे.

याच प्रसंगातून दुसरी शिकवण मिळते. काहीच खबरदारी घेतली नाही तर सिझरसाठी कमरेत भूल दिलेल्या बहुतेक स्त्रियांचा दाब पडतो. जे बहुतेकांना होणारच, त्याचा वेगळा अंदाज कशाला बांधायचा? 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन सुचवले की दाब पडायची वाट न पाहता सिझरमध्ये फिनाइलेफ्रिनसारखे औषध सुरुवातीपासूनच द्यावे. धोका एवढा सरसकट असेल तेव्हा तो प्रत्येक पेशंटला आहे असे धरून चालणे, हाच सर्वांत खरा अंदाज.

ज्यांना हा धोका त्यातही जास्त, त्यांना निवडण्याचे साधे प्रयत्नही झाले आहेत. बोटाच्या चिमट्याचे काही मॉनिटर ऑक्सिजनबरोबरच बोटातल्या रक्तप्रवाहाचा एक आकडा दाखवतात. 2017 मध्ये बंगळुरूच्या भूलतज्ज्ञांनी सिझरच्या स्त्रियांमध्ये पाहिले की भुलीआधी हा आकडा 3.5 पेक्षा जास्त असलेल्यांचा दाब नंतर जास्त वेळा पडला. रक्तवाहिन्या आधीच सैल असल्या की हा आकडा मोठा येतो, असे त्याचे कारण. सगळीकडे निष्कर्ष सारखे आले नाहीत, म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. पण वेगळे काही न टोचता, हाताशी असलेल्या चिमट्यातून इशारा मिळू शकतो हे महत्त्वाचे आहे.

भाचा म्हणतो ते यंत्र काय आहे?

दंडाचा पट्टा तीन किंवा पाच मिनिटांनी एकदा बीपी सांगतो. दोन मोजण्यांच्या मधल्या काळात दाब किती, हे त्याला माहीत नसते. मोठ्या, रक्तस्रावाच्या ऑपरेशनांत म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात. तिच्यातून प्रत्येक ठोक्याला दाबाची लाट पडद्यावर उमटते. ही लाट किती वेगाने चढते, कुठे वाकते, किती लवकर ओसरते, यांत हृदयाचा जोर, रक्तवाहिन्यांचा ताण आणि अंगातले पाणी यांच्या खुणा असतात. माणसाच्या डोळ्याला न दिसणारे बारीक बदल कॉम्प्युटर टिपू शकेल, ही त्यामागची कल्पना.

अमेरिकेतील एडवर्ड्स लाइफसायन्सेस या कंपनीने 1,334 पेशंटच्या अशा लाटा कॉम्प्युटरला शिकवल्या. 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने यंत्राला परवानगी दिली. ते 0 ते 100 मध्ये एक आकडा दाखवते आणि 85 ओलांडला की इशारा देते. कंपनीच्या अभ्यासानुसार, दाब पडण्याच्या 15 मिनिटे आधी हे यंत्र 88 टक्के घटना ओळखत होते. 2020 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये एक छोटी चाचणी झाली. 60 पेशंटपैकी ज्यांच्यासाठी यंत्र वापरले त्यांचा दाब साधारण 8 मिनिटे खाली राहिला, इतरांचा जवळजवळ 33 मिनिटे. भाच्याने वाचले असेल ते हेच.

आता दुसरी बाजू. त्याच सुमारास क्लीव्हलँडमध्ये 214 पेशंटवर चाचणी झाली, आणि तिथे यंत्र वापरून दाब खाली राहण्याचा काळ कमी झाला नाही. इशारा वाजल्यावरही डॉक्टरांनी अनेक वेळा उपाय केला नव्हता. 2022 मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी आणखी मूलभूत आक्षेप घेतला. यंत्राला शिकवताना एका बाजूला 65 च्या खालचे दाब आणि दुसऱ्या बाजूला 75 च्या वरचे दाब दाखवले होते, मधले वगळले होते. त्यामुळे ज्या पेशंटचा दाब सध्याच सत्तरीत आहे त्याला धोका आहे, एवढेच ते यंत्र मुख्यतः शिकले असण्याची शक्यता आहे. पुढच्या अभ्यासांतही दिसले की सरासरी दाब 72-73 वर आला की साध्या मॉनिटरचा अलार्म वाजेल अशी सोय केली, तर तो जवळजवळ तेवढाच उपयोगी पडतो. हा अलार्म बहुतेक मॉनिटरवर आधीपासून असतो. तो योग्य आकड्यावर लावला की झाले.

आणि त्याहून मोठा प्रश्न : दाब वर ठेवल्याने पेशंटचे खरेच भले होते का? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत 22 देशांतील 7,490 पेशंट होते. एका गटात सरासरी दाब 80 किंवा त्याहून वर, दुसऱ्यात 60 किंवा त्याहून वर ठेवायचे ठरवले. महिनाभरात हृदयविकार, पक्षाघात आणि त्यामुळे येणारा मृत्यू यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. याचा अर्थ दाब पडू द्यावा असा नाही. फक्त पडद्यावरचा आकडा सुंदर ठेवणे म्हणजे पेशंट वाचवणे, असे समीकरण अजून सिद्ध झालेले नाही. संशोधन चालू आहे, ते चालायलाच हवे, आणि पुढची यंत्रे याहून चांगली निघतील अशी आशाही आहे.

जव्हार-मोखाड्यात काय उपयोगी पडेल?

जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय ही इथल्या लोकांची पहिली दारे. तिथे जे जमत नाही त्यासाठी पेशंट नाशिक, ठाणे किंवा मुंबईला पाठवतात. जव्हारहून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता घाटाचा, पावसाळ्यात धुक्याचा. म्हणजे इथल्या पेशंटच्या बाबतीत दाब पडण्याची सर्वांत धोक्याची वेळ कित्येकदा ऑपरेशन थिएटरमध्ये नसते, रस्त्यावर असते. धमनीतल्या लाटेवर चालणारे यंत्र तिथे काही कामाचे नाही.

तिथे कामाचा आहे एक भागाकार. नाडीच्या ठोक्यांना वरच्या बीपीने भागा. नाडी 80 आणि बीपी 120 असेल तर उत्तर 0.67. धडधाकट माणसात ते 0.5 ते 0.7 असते. बाळंतपणात किंवा त्यानंतर ते 0.9 च्या वर गेले तर सावध व्हायचे. समजा बाळंतिणीची नाडी 110 आहे आणि बीपी 100/60. नुसते बीपी पाहून कोणी म्हणेल, ‘‘शंभर आहे, ठीक आहे.’’ भागाकार म्हणतो 1.1. तरुण शरीर बराच रक्तस्राव होईपर्यंत नाडी वाढवून दाब टिकवून धरते आणि मग एकदम कोसळते. हा भागाकार त्या कोसळण्याच्या आधी बोलतो. ॲटेनोलॉलसारख्या गोळीवर असलेल्या पेशंटची नाडी मात्र वाढत नाही, तिथे तो फसवू शकतो.

हाच हिशेब आपोआप करून हिरवा, पिवळा, लाल दिवा दाखवणारे एक साधे बीपी यंत्र लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पुढाकाराने तयार झाले. 0.9 पासून पिवळा, 1.7 पासून लाल. आठ देशांतल्या दहा ठिकाणी, पाच लाखांहून अधिक बाळंतपणांत त्याची चाचणी झाली आणि त्या ठिकाणांत आपल्या सीमाभागातला बेळगाव जिल्ह्यातील गोकाक होता. 2019 मध्ये निष्कर्ष आले. यंत्र खेड्यातल्या कर्मचाऱ्यांना वापरता आले, पण केवळ त्याच्यामुळे मातांचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत कमी झाली, असे ठामपणे सिद्ध झाले नाही. लाल दिवा लागल्यावर गाडी मिळायला हवी, रक्त मिळायला हवे, भूल देणारा माणूस हजर हवा. अमेरिकेतल्या महाग यंत्राच्या चाचणीत आणि गोकाकच्या स्वस्त यंत्राच्या चाचणीत धडा एकच निघाला : इशारा मिळाल्यावर धावणारे हात असतील तरच इशाऱ्याला किंमत.

या हातांची वानवा जुनी आहे. भूलतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटतात, म्हणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतीसाठी भूल द्यायला शिकवणारा 18 आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला. तुमच्या तालुक्यात असे प्रशिक्षित डॉक्टर किती आहेत, ते रात्री असतात का, त्यांची बदली झाली तर जागी कोण येते, हे प्रश्न ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत जरूर विचारा. ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मग वर्गणीचे काय करावे?

ते यंत्र घेऊ नका. त्याला प्रत्येक पेशंटमागे एकदाच वापरायचा महागडा सेन्सर लागतो. पहिल्या पेशंटनंतर सेन्सर संपला की पडदा काळाच राहील. त्याऐवजी रुग्णालयाच्या अधीक्षकांना भेटा आणि काय हवे ते आधी विचारा. विचारताना ही यादी सोबत ठेवा.

एक, वेगवेगळ्या मापांचे बीपीचे पट्टे. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण आपल्याकडे अनेकांचे दंड बारीक असतात. बारीक दंडावर मोठा पट्टा गुंडाळला तर बीपी खरे असते त्याहून कमी दिसते, जाड दंडावर लहान पट्टा लावला तर जास्त दिसते. मोजमापच चुकले तर पुढचा कोणताही अंदाज चुकणारच. लहान पट्टा यंत्राच्या तुलनेत अगदी स्वस्त मिळतो.

दोन, सलाइन आणि रक्त कोमट करण्याची साधने, पेशंटला पांघरायच्या उबदार चादरी आणि मॉनिटरच्या जादा बॅटऱ्या. वीज गेली तरी मॉनिटर चालला पाहिजे, आणि जव्हारच्या पावसाळी रात्री थंडीने कुडकुडलेला पेशंट रक्तस्रावाला नीट तोंड देऊ शकत नाही.

तीन, आणि हे सर्वांत मोलाचे, रक्तदात्यांची यादी. मंडळातल्या प्रत्येकाचा रक्तगट तपासून घ्या, हिमोग्लोबिनही तपासा, सिकलसेलची तपासणी करून घ्या. नाव, रक्तगट, मोबाइल नंबर आणि शेवटचे रक्तदान कधी केले, असा तक्ता करून रुग्णालयाला आणि जवळच्या रक्तपेढीला द्या. दिवाळीनंतर पुष्कळ तरुण भिवंडी, वसईकडे कामाला जातात, म्हणून कोण कोणत्या महिन्यांत गावात असतो हेही त्यात लिहा. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. त्या हिशेबाने पाळी लावली तर वर्षभर कोणी ना कोणी तयार राहील. दर सहा महिन्यांनी यादी नवी करा, नाही तर वर्षभरात निम्मे नंबर बंद लागतील.

तुमच्या मंडळातल्या एखाद्याला हे काम अंगावर घ्यायचे असेल तर सुरुवात भाच्यापासून करा. इंजिनीअरिंगच्या मुलाला असा तक्ता मोबाइलवर बनवायला एक संध्याकाळ पुरेल, आणि नाशिकच्या वाटेवर दाब पडत असलेल्या बाईसाठी तो तक्ता कोणत्याही परदेशी यंत्रापेक्षा लवकर कामाला येईल.